माझी रबराची सवत

प्रिय अहो,

आज तुमच्या त्या बयेला मी पहिल्यांदा डोळे भरून पाहिलं, म्हणून हे पत्र. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला चार ओळी लिहायची वेळ कधी आली नाही. बोटीवर पत्र कोण पोचवणार? आता तर पत्ताही नाही. पण जाळ्यांच्या शेडमधून घरी आल्यापासून माझा असा जळफळाट झालाय, की तो तुमच्या पदरात घातल्याशिवाय मला चैन पडायची नाही. दुसऱ्या कुणाला सांगू? अख्खी वाडी तिच्या बाजूची!

तुमची ती जपानी. समुद्रातून फेस उडवत वर येणारी. तोंड घोरपडीचं, पाठ मगरीची, उंची माडाच्या वर माड ठेवावा एवढी, आणि चाल मात्र दिवस भरलेल्या बाईची. वाटेत येईल ते घर, पूल, आगगाडी पायाखाली घालत निघालेली! मी तिला सवत म्हणायचे तेव्हा तुम्ही मान खाली घालून जाळ्याच्या गाठी मारत बसायचात. "रबराची हाय ती," एवढंच एकदा म्हणालात. रबराची असली म्हणून काय झालं? नवऱ्याचा जीव जिच्यात अडकतो ती सवतच.

तिला आणली तुमच्या आतेभावाने. तो जहाजावर होता. जपानच्या बंदरातून येताना जुन्या सिनेमांच्या सीडींचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला आणि तुमच्या हातात ठेवून गेला. सगळे सिनेमे त्या राक्षसांचे. बोलणं जपानी, खाली कुठल्याही भाषेत अक्षर लिहिलेलं नाही. दुसरा कुणी असता तर एकदा बघून डबा माळ्यावर टाकला असता. तुम्ही म्हणालात, "बोलनं समजत न्हाय तं आपुन बोलू."

आणि बोललात हो! तेच तर दुखतंय.

दर्यावर जाणाऱ्याची बायको मासेमारी बंदीच्या दिवसांवर डोळा ठेवून असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या, की पावसाळ्यातले ते दोन महिने नवरा घरी. बाकीचं वर्ष तो दर्याचा, एवढे दिवस तरी आपला, असं मी लग्न होऊन आले तेव्हापासून धरून चालले होते. दर्याशी माझं भांडण नव्हतं, तो पोटाला घालायचा. ही काय घालणार होती? आणि तुम्ही तिला आणून बसवलीत ती नेमकी माझ्या त्या दिवसांत!

घरात तुमची सगळी भाषा एका "हं"मध्ये मावायची. भात वाढू का? हं. स्नेहलचं अंग तापलंय. हं. आईला बघायला काशीदला जाऊन येते. हं. बोटीवर निघालात की मी दारातून सांगायचे, "येळेवर जेवून घ्या." त्यालाही पाठमोरा "हं". आणि शेडमध्ये? शेडमध्ये तुम्ही एकटे सबंध सिनेमा बोलायचात म्हणे! प्रधानमंत्र्याचं, सैनिकांचं, पोरं काखोटीला मारून पळणाऱ्या बायकांचं, देवळातल्या पुजाऱ्याचं, आणि तिचं. पडद्यावरची माणसं जपानीत ओठ हलवायची आणि तुमच्या तोंडून आपली वाडी बोलायची. सांगा, मला राग येऊ नये तर काय यावं?

बरं, पडदा कुठला लावलात? माझ्या रुखवतातली पांढरी चादर! तिच्या कडेने मी निळ्या दोऱ्याचे मासे काढले होते. पाहुणे आले तरी मी ती कधी अंथरली नाही. माणगावच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून तुम्ही जुना प्रोजेक्टर आणलात आणि न विचारता ट्रंकेतून चादर काढलीत. त्या चादरीवर ती बया नाचली! परत आली तेव्हा चादरीला डांबराचा वास. मी धुतली, वाळवली, घडी घातली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली.

खेळही ठेवायचात तो माझ्या बाजाराच्या दिवशी. पावसात मी सुकी मासळी घेऊन म्हसळ्याला बसायचे. सकाळच्या एसटीने टोपली घेऊन जायचे ती दिवेलागणीला परत. तुम्ही दुपारी शेडची दारं लावून, फटींना गोणपाट कोंबून अंधार करायचात, की सुरू. एकदा मी म्हटलंसुद्धा, दिवस बदला, मी पण येते. तुम्ही काय म्हणालात? "हं." आणि पुढचा खेळ परत बाजाराच्याच दिवशी! मग मीही ठरवलं, बोलावल्याशिवाय जायचं नाही. माझं काय अडलंय?

पण कान कुठे ठेवू? संध्याकाळी नळावर बायका हसून हसून हंडे सांडायच्या. "आगो, आगगाडीला काय बोलली ती! इमानांना कशी हाकलली!" मी गेले की सगळ्या गप्प. एकमेकींकडे बघायचं आणि तोंडाला पदर लावायचा. जिचा नवरा बाहेर गुंतलाय तिला बघून बायका अशाच गप्प होतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

काय होतं त्या सिनेमांत, ते तरी मला समजावं, म्हणून मी थोरल्या जाऊबाईंना खोदून विचारलं. त्यांनी तुमचा एक खेळ चुकवला नव्हता. म्हणाल्या, "तिच्या पाठीवर शिवन दिसते. घरा पुठ्ठ्याची हायत. इमाना दोरीला बांदलेली."

"मंग खोटाच हाय ना समदा?"

"म्हनूनशान तं बगायला बरा वाटतो. खरा आसता तं कोन बगल?"

आणि म्हणे, तिचं चालणं आलं की तुम्ही मधेच सिनेमा थांबवून सांगायचात, "आत मानूस हाय. त्या रबरात घामानं भिजला आसल बिचारा. तरी बगा, पाय कसा उचलतोय, शहराची काळजी घेऊन मोडतोय." ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हसळ्याच्या बाजारात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली, दिवसभर ओल्या लुगड्यात मी बसायचे. माझ्या आतला घाम कधी दिसला होता तुम्हाला?

चक्रीवादळाच्या वर्षी तर तुम्ही कहर केलात. आपले पत्रे उडून मागच्या पोफळींत अडकले होते, निम्मी वाडी आडवी झाली होती. मी देव बाहेर काढले. तुम्ही काय वाचवलंत? सीडींचा डबा! प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तांदळाच्या पिंपात खोल खुपसून ठेवलात. या घरात माझा नंबर कितवा, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि वीज आल्या आल्या लोकांनीही तिचाच खेळ मागितला. ज्यांची घरं पडली ती माणसं पडणारी घरं बघायला जातात? मी चिडून तुम्हाला विचारलं. तेव्हा तुम्ही माझ्याशी आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं बोललात. म्हणालात, "वादळाला तोंड नसतं. शिव्या कोनाला देयाच्या? हिला तोंड हाय. दोन शिव्या देल्या का मानूस हलका होतो, ती पन ऐकून घेते, आनि शेवटी गुमान परत जाते." एवढं बोलून तुम्ही पत्रे आणायला गेलात. मी किती दिवस ते बोलणं मनात घोळवत होते. पण बघा ना, तुमचं सगळ्यात लांब बोलणं, तेही तुम्ही तिच्यावरच खर्च केलंत!

गेल्या थंडीत गेलात तेही न बोलता. दुपारी ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसला होतात आणि मी चहा घेऊन आले तोवर तुम्ही नव्हतात. माणसं आली, बसली, आणि जो तो एकच म्हणत होता, "काय आवाज हुता तांडेलाचा!" तांडेल म्हणून तुम्ही बोट चालवलीत, तिच्याबद्दल कुणी बोलेना. सगळे आवाजाबद्दल. मी रडत होते आणि मनात विचारत होते, कुठला आवाज? कसा होता तो?

आपल्या स्नेहलने वाडीतल्या सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले. कुठेतरी, कुणीतरी तुमचं बोलणं भरून ठेवलं असेल. नाही! खेळ सुरू व्हायच्या आधी तुम्ही सगळ्यांना मोबाईल बंद करायला लावायचात. म्हणजे तो आवाज आता फक्त त्या लोकांच्या डोक्यात राहिलाय, ज्यांनी ऐकला त्यांच्या. माझ्या डोक्यात नाही. तेव्हा मी ठरवलं, पावसाळ्यात खाडीला मोठी भरती आली की डबा पाण्यात. समुद्रातून आलीस ना बाई? जा समुद्रात!

काल जनार्दन आला. तुमच्या बोटीवर इतकी वर्षं खलाशी होता, पण आपल्या ओट्यावर पाहुण्यासारखा उभा राहिला.

"वैनी, चादर पायजे हुती."

"कशाला रं?"

"बंदी उठायला आली. एक खेळ तं व्हयालाच पायजे. तांडेलाच्या नावानं."

"आनि बोलनार कोन?"

त्याने डोकं खाजवलं. "समद्यांना थोडा थोडा पाठ हाय. बगू कसा जमतो तो."

म्हटलं, देते चादर, देते डबा, पण मी येणार. बुडवायच्या आधी तिचं तोंड तरी बघून घेते.

तर आज गेले. लोकांनी सरकून मला पुढे जागा दिली. कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पण मी जाळ्यांच्या ढिगावरच बसले, तुम्ही बसायचात तिथे. माझ्या चादरीवर समुद्र आला. रात्रीचा समुद्र, त्यात एक मासेमारीची बोट, चार माणसं गाणं म्हणत जाळं ओढतायत. आणि खालून पाणी उजळलं. बायांचे हात मांडीवर थांबले. बोट उचलली गेली, कलली, आणि दिसेनाशी झाली.

लगेच सगळी शेड एका सुरात ओरडली, "बोट दिघीला लागली! समदी सुखरूप, चाय पितान!"

मी दचकलेच. जाऊबाई माझ्या कानाला लागल्या, "पयल्या खेळापासना आसाच हाय. या शेडात बोट बुराली आसा कोनी बोलायचा न्हाय, त्यानं सांगलेला." जपानातली बोट तुम्ही सरळ आपल्या दिघी बंदराला आणून लावलीत आणि माणसांना चहा पाजलात! बंदी उठायला आलेली, घरोघरचे बाप्ये दर्यावर निघायचे, आणि तुम्हाला ते सुचलं. मला तुमचं कौतुक वाटलं, आणि वाटलं म्हणून अजून राग आला.

मग ती आली. खोटं कशाला बोलू, दिसायला वाईट नाही हो. सावकाश येते. पाठीवरची शिवण मला लगेच दिसली. डोळे मात्र ओले, आणि आपण कुठे आलोय ते तिला कळत नाहीये असे. तिने आगगाडी लांबड्या माशासारखी उचलली, उलटीसुलटी करून बघितली, आणि जनार्दनने बारीक, करकरीत आवाज काढला.

"यो वाम कोनी आनला गो? कल्ले दाखव! शिळा हाय, ठेव तिकरं!"

शेड फुटली हसून. रणगाडे आले. "आल्या चिंबोऱ्या चावायला!" विमानं आली, तिने हात झटकले. "हाड! माश्या नुसत्या! उठा माज्या वाट्यावरना!" आणि प्रधानमंत्री खिडकीतून बघत होता, त्याला म्हणाली, "हात लावलास तं घेऊनच जा! नुसती बगून जानारी गिऱ्हाईका मी लांबून ओळकतंय!"

माझं डोकंच तापलं. ही माझी वाक्यं! म्हसळ्याच्या बाजारात माशांचे वाटे लावून बसते तिथली, शब्दन् शब्द माझी! वर जनार्दन मानेला झटका देऊन पदर खोचल्यासारखं करत होता. मी उठले.

"जनार्दना! माजी नक्कल करतंस? नवरा जाऊन वरीस न्हाय झाला आनि माजी चेष्टा करताव समदी?"

प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला. जनार्दन पार उतरला. जाऊबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"आगो, त्यो तुजी नक्कल न्हाय करत. त्यो तांडेलाची करतो. त्याच्या तोंडी ती आशीच बोलायची. पयल्यापासना. तुला म्हाईत न्हाय?"

"मना कोन सांगनार?"

"तू आसतीस तं त्याच्या तोंडातना शबूद फुटला नसता. बाजाराचा दीस उगाच धरायचा काय त्यो?"

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तुम्ही टोपली उचलायला माझ्याबरोबर म्हसळ्याला यायचात. मी ओरडून ओरडून मासळी विकायचे आणि तुम्ही मागे खांबाला टेकून डोळे मिटून बसायचात. मला वाटायचं, झोपलात. बोटीवर झोप होत नाही, झोपू दे बिचाऱ्याला. आणि तुम्ही काय करत होतात? ऐकत होतात! एकूण एक ऐकत होतात!

मी विरघळले असं सगळ्यांना वाटलं. जाऊबाई डोळे पुसायला लागल्या. पण खरं सांगू? मी आधी जळत नव्हते एवढी आज जळले. आधी एका रबराच्या बाईचा हेवा होता. आता सबंध वाडीचा आहे. त्या जनार्दनचा आहे, जाऊबाईंचा आहे, नळावर हसणाऱ्या एकेकीचा आहे. माझ्याबद्दल तुम्ही वर्षानुवर्षं बोललात, दर पावसाळ्यात बोललात, आणि मला सोडून सगळ्यांशी! अहो, माझी गंमत वाटत होती तर मला सांगायचीत ना. माझं नाव न घेता, भिंतीकडे बघून सांगितली असतीत तरी चाललं असतं. मी काय तुम्हाला खाल्लं असतं?

आणि सिनेमातला तो चष्म्याचा म्हातारा डॉक्टर! सगळे पळतात तेव्हा हा एकटा थांबून तिच्याकडे बघत राहतो. सिनेमाभर त्याचे ओठ हलतात आणि जनार्दन त्याचं काही बोलेचना. मी विचारलं, याला का आवाज नाही? "पार शेवटापर्यंत तांडेल त्याला आवाज देयाचाच न्हाय," तो म्हणाला. "म्हनायचा, यो आतल्या आत बोलतो." यावर कुणीच हसलं नाही. सगळे पडद्याकडे बघत होते आणि माझ्याकडे कुणी वळून बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

शेवटी ती परत निघाली. मोडलेल्या शहराला पाठ करून पाण्यात उतरली, कमरेएवढ्या पाण्यात थांबली आणि वळून किनाऱ्यावरच्या त्या डॉक्टरकडे बघितलं. जनार्दनने आवाज खाली आणला.

"येते मी. येळेवर जेवून घे."

माझं दारातलं वाक्य! फक्त इथे जाणारी ती होती आणि किनाऱ्यावर राहणारा तो. डॉक्टरचे ओठ हलले. शेडमध्ये कुणी काही बोललं नाही. जनार्दनही नाही. ती पाण्याखाली गेली आणि चादर पुन्हा पांढरी झाली.

"हितं काय बोलायचे?" मी जाऊबाईंना विचारलं.

"हितं एकदाच बोलायचा त्यो डाक्टर," त्या म्हणाल्या. "नुसता 'हं'. पन आसा बोलायचा गो, का बाप्यांच्या पन डोळ्यांना पानी यायचा. आमच्यातल्या कोनाला तसा जमत न्हाय."

बाकी सगळं त्यांना दिलंत ते एक वेळ मी गिळलं असतं. आगगाडी, चिंबोऱ्या, माश्या, सगळं. पण तो "हं" माझा होता! भाताच्या ताटावरचा, पोरीच्या तापातला, दारातून पाठमोरा येणारा. घरात तो एवढासा असायचा, भांड्यांच्या आवाजात विरून जायचा, आणि तिकडे त्याच्यावर बाप्ये रडायचे? मला रडवील असा एक तरी "हं" मला का दिला नाहीत? की तोच होता तो, आणि मला पाठमोरा ऐकू आला म्हणून कळला नाही? उत्तर द्या आता. नाही ना देत!

बरं, ऐका. डबा खाडीत जाणार नाही. तो तांदळाच्या पिंपातच राहील, तुम्ही ठेवला होतात तसा. चादर मी धुऊन घडी घालून ठेवीन. आणि पुढच्या बंदीत बाजाराचा दिवस बुडवून मी स्वतः शेडमध्ये उभी राहणार. तिचं बोलणं मी बोलणार. अस्सल माल असताना लोकांनी नक्कल का ऐकावी? बोटही मीच दिघीला लावीन, चहासुद्धा पाजीन. पण शेवटी डॉक्टरचे ओठ हलतील तेव्हा शेडमध्ये कुणी तोंड उघडायचं नाही. जनार्दनने नाही, जाऊबाईंनी नाही. "येळेवर जेवून घ्या" म्हणून मी गप्प उभी राहीन. ती जागा तुमची. सगळी वाडी कान देऊन बसू दे, पण या वेळचा तुमचा "हं" एकट्या माझ्यासाठी असेल.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच
शेवंता